मनसरा माहेरी गेली

आमच्या गावात पहिलटकरीण आठव्या महिन्यात दिसेनाशी झाली तर तिची चौकशी करायची नसते. ती माहेरी गेलेली असते. सून असो, शाळेतली बाई असो. सातवा सरला की ओटी भरायची, एसटीत बसवायची आणि सव्वा महिन्याचं बाळ घेऊन ती परत येईपर्यंत तिच्याबद्दल फक्त बातम्या ऐकायच्या. हा नियम हिंदूंना आहे, मुसलमानांना आहे, कोळ्यांना आहे. इतकं एकमत आमच्याकडे दुसऱ्या कुठल्याच बाबतीत नाही. आमच्या आरोग्य केंद्रालाही तो मान्य आहे. 'माहेरी गेली' अशी नोंद झाली की बाई आपल्या गावाच्या डोक्यावरून उतरते आणि तिच्या माहेरच्या केंद्राच्या डोक्यावर बसते.

तेव्हा मनसरा दिसेनाशी झाली, आणि गावानं तिलाही माहेरी पाठवून दिलं.

मनसरा म्हणजे इक्बालच्या आंब्याच्या बागेतल्या राखणदाराची बायको. आमच्याकडे बागा राखायला नेपाळहून माणसं येतात. मोहराच्या सुमाराला येतात, पावसाआधी जातात. गाव त्या सगळ्यांना 'गुरखा' म्हणतं आणि हाक मारताना 'बहादूर'. मनसराच्या नवऱ्याचं नाव खरोखरच दलबहादूर होतं, त्यामुळे निदान त्याच्या बाबतीत गाव बरोबर होतं. तिचं माहेर म्हणजे इथून मुंबई, मुंबईहून लखनौ, लखनौहून सरहद्द, सरहद्दीपासून जीप, आणि जीप जिथं हात टेकते तिथून पुढं डोंगर चढून. पण माहेर ते माहेर.

गावातली आशा सेविका कोकिळा तिच्याकडे नेमानं जायची. तिनंच तिला पहिल्यांदा केंद्रात आणलं होतं. आधार कार्ड नव्हतं, कारण आधार कार्ड भारतातल्या माणसाला मिळतं आणि मनसरा फक्त भारतात राहत होती. तालुक्याला सोनोग्राफीसाठी नेलं, तिथंही ओळखपत्र मागितलं. पोटात मुलगा की मुलगी हे गुपित राखायचं तर आईची ओळख पटायला हवी, असा कायदा आहे. मनसराची ओळख पटेना, त्यामुळे पोटातल्याचं गुपित चांगलंच राहिलं. तरी केंद्रातले डॉक्टर दिपेश म्हात्रे यांनी तिला तपासलं. उरणकडचा तरुण मुलगा, सरकारी बंधपत्रावर आलेला. प्रेशर जरा वरच्या अंगाला होतं. "हिला दर आठवड्याला आणा," ते म्हणाले. "पाय सुजले, डोकं दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली तर त्याच दिवशी आणा. हे साधं नाही."

कोकिळानं आणलं. आणि मग एका आठवड्याला ती वरच्या बागेत गेली तर झोपडीला कडी. चूल थंड. दोरीवर एक कपडा नाही.

ती चढावरून उतरून हरेश्वरच्या चहाच्या टपरीवर आली.

"हरेशदादा, इक्बालशेठच्या बागेतली गुरखीण दिसली काय?"

"कितवा होता तिला?"

"आठवा लागलाय."

"मग गेली माहेरी. अजून कुठं जाणार?"

"एवढ्या लांब? असल्या अंगानं?"

"माहेर लांबच असतंय गो. आमची दिवेआगरला जाते, सायकलनं जाण्यासारखं, तरी दोन महिने परत येत न्हाय."

टपरीवरचे चार जण हसले. कोकिळा हसली नाही. तिनं मनसरासाठी खण आणि नारळ आणून ठेवला होता. परक्या मुलखातली पोर, तिची ओटी कोण भरणार, म्हणून आपणच भरू असं तिनं ठरवलं होतं. "एका शब्दानं सांगून गेली न्हाय," ती म्हणाली. ती दुखावली होती, आणि दुखावलेलं माणूस फार तपास करत नाही. केंद्रात संगणकावर बसणाऱ्या रुचिकाला तिनं सांगितलं, रुचिकानं विचारलं, "माहेरचं केंद्र कुठलं टाकू?"

"नेपाळ."

"नेपाळ यादीत न्हाय."

"मग राज्याबाहेर टाक."

मनसरा राज्याबाहेर गेली.

प्रत्यक्षात ती खाली गेली होती. इक्बालची दुसरी बाग गावाच्या पाठीमागे, खाडीच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आहे. तिथं वानरांनी धुमाकूळ घातला, तेव्हा इक्बालनं दलबहादूरला म्हटलं, "चल, बिऱ्हाड उचल, आता खाली राहा." दलबहादूरनं उचललं. हे कोणाला सांगायचं इक्बालला सुचलं नाही. त्याला कोणी विचारलंही नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊकच होतं. त्या बागेत जायला गाडीरस्ता नाही. मोबाईलला रेंज आहे ती फक्त एका फणसाखाली, आणि त्या फणसाखाली दलबहादूर इक्बालशी वानरांबद्दल बोलायचा.

महिनाभरात मनसराचे पाय सुजले. मग हात. मग बांगड्या रुतायला लागल्या. तिनं वाट पाहिली, कारण कोकिळाताई दर आठवड्याला यायची. ती येईना तेव्हा तिनं अर्थ काढला की आता जायची गरज उरली नसेल. ताईला सगळं कळतं.

ती सापडली ती आफराच्या डोहाळ्यांमुळे.

आफरा ही इक्बालची बहीण. नवऱ्याबरोबर दोह्याला असते, आणि तिलाही दिवस गेले होते. तिला खालच्या बागेतल्या एका रायवळ झाडाच्याच कैऱ्या हव्या होत्या. दोह्यात जगातलं सगळं मिळतं, ते झाड मिळत नाही. गावातला शारिक एका रविवारी रात्री विमानानं दोह्याला जाणार होता. तेव्हा इक्बालची आई, जैबुन्निसा, सगळं गाव जिला जैबूचाची म्हणतं, सकाळी पिशवी घेऊन स्वतः खाली उतरली. मुलाच्या निवडीवर तिचा विश्वास नव्हता. "त्याला हापूस सोडून बाकी झाडं दिसतच न्हाईत," ती म्हणायची.

बागेत त्या फणसाजवळ, नारळाच्या झापांच्या खोपटाबाहेर मनसरा बसली होती. चाचीनं आधी तिला ओळखलंच नाही. चेहरा फुगून डोळे बारीक झालेले.

"या अल्ला! मनसरा? तू माहेरी गेलीस ना गो?"

मनसरानं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. दिशेनं, चाचीकडे नव्हे.

"चाची? दिसत न्हाय बराबर. सब धुवाँ धुवाँ. डोका फाटते."

"कधीपासून?"

"कल से. ताई आएगी ना?"

नेमका त्याच वेळी फणसाखाली चाचीचा फोन वाजला, व्हिडिओ कॉल. आफराचा. कैरी मिळाली का विचारायला. चाचीनं उत्तर न देता फोन मनसराच्या पायांवर धरला.

"अम्मी, हे कोणाचे पाय?" आफरा किंचाळली. "हे असं इथं झालं असतं तर मला त्याच पावली दवाखान्यात घेतली असती. न्या तिला! कैऱ्या मरू दे!"

"तुला तिथं कार्ड हाय. हिला इथं काय हाय?"

"तू हायस की!" आफरा म्हणाली, आणि रेंज गेली.

चाचीनं दलबहादूरला हाक घातली. इक्बाल तेवढ्यात आंबा न्यायला माणसं घेऊन उतरलाच होता. त्याच्या मनात त्या दिवशी फक्त वाशीला जाणाऱ्या पेट्या होत्या.

"अम्मी, बहादूर गेला तर बाग कोण बघणार? वानरं अख्खा आंबा—"

"वानरांना सांग, घरात बाळंतपण हाय. ऐकतील. तुझ्यापेक्षा अक्कल असते त्यांना."

दोन गड्यांनी आणि दलबहादूरनं तिला घोंगडीच्या झोळीत घालून चढ चढवला. वर इक्बालची पिकअप पेट्यांनी भरून उभी होती. इक्बालनं एकदा पेट्यांकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि पेट्या रस्त्याच्या कडेला उतरवायला सांगितलं. खाली आंब्यासाठी पसरलेला पेंढा होता. त्यावर मनसराला निजवली.

केंद्रात डॉक्टर दिपेशनी प्रेशर घेतलं, मग दुसऱ्या हातावर घेतलं, मग दुसऱ्या यंत्रानं घेतलं. यंत्रं सहसा एकमेकांशी सहमत नसतात. आज होती.

"ही कुठं होती इतके दिवस?"

"माहेरी," रुचिका पडद्याकडे बघून म्हणाली.

"इक्बालच्या खालच्या बागेत," चाची म्हणाली.

कोकिळा दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि तसाच ठेवला.

डॉक्टरांनी पोटाला यंत्र लावलं. बाळाचे ठोके ऐकू आले, घाईघाईचे, पण आले. मनसरा ते ऐकत होती. तिला दिसत नव्हतं म्हणून ती फार लक्ष देऊन ऐकत होती. "है ना?" तिनं विचारलं.

"है," डॉक्टर म्हणाले, आणि झटका येऊ नये म्हणून तिच्या कमरेत दोन्ही बाजूंना इंजेक्शन दिलं. मग बाहेर येऊन चाचीला सांगितलं, "हे वाटेपुरतं. बाळ लवकर काढलं नाही तर दोघंही राहणार नाहीत. इथं मला ते जमणार नाही."

त्यांनी फोन सुरू केले. तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञाची जागा होती, त्या जागेवर तज्ज्ञ नव्हता. रुग्णवाहिका दुसऱ्या टोकाला अपघातावर गेली होती. खाडीपलीकडच्या मोठ्या रुग्णालयात तज्ज्ञ होते. त्यांनी पेशंटचा नोंदणी क्रमांक विचारला.

"क्रमांक आहे, पण तो सध्या राज्याबाहेर आहे," डॉक्टर म्हणाले.

"पेशंट कुठं आहे?"

"माझ्यासमोर."

पलीकडचा माणूस भला होता. म्हणाला, क्रमांक नंतर द्या, आधी बाई आणा. आगरदांड्याला जेट्टीवर रुग्णवाहिका उभी करतो. तुम्ही तिला फक्त खाडी पार करून द्या.

फक्त खाडी. दिघीच्या जेट्टीवरून फेरीबोटीत गाडी चढवायची, पलीकडे आगरदांड्याला उतरवायची. आम्ही भाजी आणायला जातो तसं जातो. पण तो मे महिन्यातला रविवार होता, आणि श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर पाहून झालेली अर्धी मुंबई आणि अर्धं पुणं त्याच जेट्टीवर घरी जायला उभं होतं.

गाड्यांची रांग वळणापर्यंत आली होती. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला पाणी. इक्बाल हॉर्न वाजवत राहिला. पिकअपवर 'हापूस आंबा' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, त्यामुळे कोणाला त्याची घाई गंभीर वाटली नाही. मागं पेंढ्यात कोकिळा, दलबहादूर, चाची आणि चाचीच्या मांडीवर मनसराचं डोकं. वर ताडपत्री. आत भट्टी.

चाची उतरली आणि पहिल्या गाडीच्या काचेवर थापा मारल्या. काच खाली झाली. आतून गार हवा आली.

"बाबा, गाडी जरा बाजूला घे. पोटुशी बाई हाय, मरायला लागलीय."

"काकू, आम्ही पण कधीपासून लायनीत आहोत. घाई सगळ्यांनाच असते."

"तुझ्या पोटात काय हाय रे? जेवणच ना? तिच्या पोटात पोर हाय!"

त्यानं गाडी बाजूला घेतली, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. त्याच्या पुढच्यानंही घेतली. जेट्टीवरची माणसं हात हलवून वाट करून देत होती. बोट थांबवून धरली होती. आणि मग मध्येच एक पांढरी गाडी लागली, जिच्यात कोणी नव्हतं. कुलूपबंद. काचेला गणपती, मागच्या सीटवर फुगवलेलं बदक. तिच्या एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला पिकअप जाईल एवढी जागा नाही.

"मालक कुठं गेले?"

"सुरमई थाळी खायला," कोणीतरी सांगितलं. "ऑर्डर दिलीय, येतीलच."

कोकिळा खाणावळी शोधत धावली. पहिल्या खाणावळीत विचारलं, दुसऱ्यात विचारलं. पांढऱ्या गाडीचे मालक कोण, असं ती ओरडत होती आणि पांढरी गाडी सगळ्यांचीच होती. बोट किती थांबणार? तिच्यावर चढलेल्यांनी भोंगे सुरू केले होते. ती सुटली.

तेव्हा मनसराला झटका आला.

तिचं अंग कमानीसारखं ताणलं आणि पेंढा उडायला लागला. चाचीनं तिला कुशीवर वळवून धरली. दलबहादूर तिच्या नावानं हाका मारत राहिला, त्याच्या भाषेत, मोठमोठ्यानं. ताडपत्री वर झाली आणि रांगेतल्या सगळ्यांनी आत पाहिलं. काहींनी मोबाईल वर केले, आणि एका बाईनं आपल्या नवऱ्याच्या हातातला खाली पाडला. आता मात्र कोणालाच घाई नव्हती. त्या गार हवेच्या गाडीतला माणूस, दोन कोळी, नारळपाणीवाला, सहलीला आलेले दोन मास्तर, सगळे पांढऱ्या गाडीला भिडले आणि त्यांनी ती मागून उचलून, खरवडत, कातळाला लावली. बदक आत उलटं झालं. मालक हात पुसत आले आणि ओरखडा बघायला लागले.

वाट झाली. बोट पलीकडच्या तीरावर होती.

ती परत येईपर्यंत सगळी माणसं पिकअपभोवती उभी होती. चाची एका हातानं मनसराच्या तोंडावरचा फेस पुसत होती आणि दुसरा हात तिनं तिच्या पोटावर ठेवला होता. काही वेळानं तिनं तो हात उचलला आणि पुन्हा दुसऱ्या जागी ठेवला. मग तिसऱ्या. कोकिळानं ते पाहिलं. 

पलीकडे रुग्णवाहिका खरंच उभी होती. रुग्णालयाच्या दारात स्ट्रेचर तयार होतं, डॉक्टर वाट बघत होते. त्यांच्या बाजूनं काही कमी झालं नाही. सही हवी होती. दलबहादूरला पेन धरवेना.

"आणखी कोण आहे पेशंटचं?" सिस्टरनं विचारलं.

"मी. आई," चाची म्हणाली.

सिस्टरनं आत नेलेल्या बाईचं नाव वाचलं: मनसरा बुढा. मग समोरच्या बाईच्या डोक्यावरची ओढणी पाहिली. "तुमचं नाव?"

"जैबुन्निसा."

"आणि तुम्ही आई?"

"पहिलं बाळंतपण हाय. कोण येणार मग, सासू?"

सिस्टरनं 'नातं' या शब्दापुढं 'आई' लिहिलं. खरं बोलणाऱ्यापेक्षा ठाम बोलणाऱ्याचं काम अशा जागी लवकर होतं.

मनसरा वाचली. डॉक्टर बाहेर येऊन तसंच म्हणाले, "बाई वाचली," आणि पुढचं वाक्य बोलायच्या आधी त्यांनी चष्मा काढून पुसला, तेव्हा कोणाला पुढचं वाक्य लागलं नाही. मुलगी होती. पूर्ण वाढलेली, डोकंभर केसांची. तिला न्यायचं कुठं, हे दलबहादूरला माहीत नव्हतं. त्याच्या गावी अशा बाळाला नदीकाठी पुरत. इक्बाल त्याच्याबरोबर गेला. गाठोडं त्यानंच हातात घेतलं होतं, असं नंतर कोकिळानं सांगितलं. पेट्यांचं काय झालं ते त्यानं त्या दिवशी कोणाला विचारलं नाही. त्यातल्या बऱ्याचशांची चौकशी वानरांनी केली.

मनसरा शुद्धीवर आली. धूर विरला होता, तिला दिसायला लागलं होतं. तिनं आधी आपलं पोट पाहिलं, मग बाजूचा रिकामा पाळणा, मग चाचीला.

"कहाँ है?"

चाचीनं सांगितलं. तिला हिंदी फार येत नाही. जेवढी येत होती तेवढ्यात सांगावं लागलं, त्यामुळे मऊ करून सांगायला शब्द नव्हते.

मनसरानं भिंतीकडे तोंड केलं. मग तसंच भिंतीकडे बघत तिनं एवढंच विचारलं, "ताई क्यों नहीं आई?"

कोकिळा खाटेच्या पायाशी बसलेली होती. तू माहेरी गेलीस असं आम्हाला वाटलं, हे वाक्य तिनं तोंडात धरलं. ती उठून पाणी आणायला गेली. तांब्या भरलेला होता.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. प्रेशर अजून उतरलेलं नव्हतं. बाळंतपण झालं म्हणजे धोका टळला असं समजू नका, झटका नंतरही येतो, म्हणाले. घरी गेल्यावरही तपासत राहा. आपापल्या आरोग्य केंद्रात. कोकिळानं रुचिकाला फोन लावून विचारलं, हिला परत आपल्यात कशी घ्यायची? रुचिका बराच वेळ शोधत राहिली. माहेरी पाठवायची सोय होती. माहेरच्या केंद्रानं बाळंतीण परत पाठवायचीही सोय होती. पण तिथल्या केंद्रानं पाठवायला हवी. "न्हायतर आपण नव्यानंच टाकू," ती म्हणाली. "अविवाहित, अपत्य शून्य, असं काहीतरी. मग प्रेशर घेता येईल."

आणि मग दूध आलं.

रोज सकाळी वॉर्डात शिकाऊ नर्स मुलींचा घोळका यायचा. स्तनपानाचं महत्त्व सांगायचा, हातात चित्रांचा तक्ता. त्या प्रत्येक खाटेशी थांबायच्या. मनसराच्या खाटेशीही थांबल्या. "पहिल्या सहा महिन्यांत बाळाला फक्त..." इतकं म्हणून त्यातल्या एकीनं पाळणा पाहिला आणि तक्ता छातीशी धरला. मनसराच्या गाऊनवर दोन ओले डाग वाढत होते. शेजारच्या खाटेवरचं बाळ रडलं की ते जास्त वाढत. तिची छाती दगडासारखी झाली होती आणि अंगात कणकण भरली होती. डॉक्टर म्हणाले, दूध आटवायची नेहमीची गोळी हिच्या प्रेशरला चालणार नाही. घट्ट बांधा, गार ठेवा, आपोआप आटेल.

चाचीनं आपली ओढणी काढून दुमडली आणि तिला बांधली. मग इक्बालला बाहेर बोलावलं.

"मोगरा आण."

"काय?"

"मोगरा. छातीवर बांधायचा, जितका जास्त तितका बरा. दूध मागं फिरतं. माझ्या आईनं माझ्या थोरल्याच्या वेळेला बांधला होता."

इक्बाल स्वतः तिचा थोरला होता, अशी त्याची आजवरची समजूत होती. तो बाहेर गेला. स्टँडच्या कोपऱ्यावर एक आगरी बाई टोपलीत गजरे घेऊन बसली होती, वर ओलं फडकं.

"सगळे दे," इक्बाल म्हणाला.

"आख्खी टोपली? बाबा, कुनाचं लगीन हाय?"

"लगीन न्हाय. बाळंतीण हाय."

"आगो बाय!" बाईचा चेहरा फुलला. तिनं पानात गजरे बांधले, भराभर, आणि मग आपल्या अंबाड्यातला ताजा गजरा काढून त्यावर ठेवला. "ह्यो माज्याकडनं. पाळण्याला बांदा. पोर हाय का पोरगी?"

"पोरगी."

"लक्षुमी आली," ती म्हणाली.

इक्बालनं तोही गजरा घेतला. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि अम्मीनं सांगितलं होतं, फुलं जितकी जास्त तितकं बरं.